नोकरीची ओढ व शेतावरील उमेदवारी

तरुण मुलें शेतांत राहूं इच्छीत नाहींत, ही तक्रार आमच्या कानीं इतक्या वेळां येते कीं, तिच्यांत नवें असें कांहींच उरलेलें नाहीं. भोर व वेल्हे (आतां ज्यास राजगड तालुका म्हणतात) या भागांत कोणत्याही गांवीं चार शेतकरी एकत्र बसले म्हणजे पाऊस, भाताचा भाव आणि मजुरांची टंचाई यांच्या मागोमाग हा विषय निघतोच. मुलगा शिरवळच्या कारखान्यांत कंत्राटी म्हणून उभ्यानें पाळी करील, खेड-शिवापूरच्या गोदामांत ओझीं उचलील, पुण्यांत दारोदार जेवणाचीं पार्सलें पोंचवील. पण घरच्या खाचरांत उतरणार नाहीं. बापाचा निष्कर्ष ठरलेला असतो: पोरांना कष्ट नकोत. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं, व तो कां मान्य नाहीं हें सांगण्याकरितांच हा लेख लिहीत आहों.

कष्ट नको असते तर या मुलांनीं वरील कामें पत्करलींच नसतीं. रात्रपाळीस यंत्रापुढें उभें राहणें चिखलणीहून सोपें आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं ती पाळी एक आठवडा करून पाहावी. मुलगा नोकरी निवडतो तेव्हां तो आराम निवडीत नसतो. महिन्याच्या ठराविक तारखेस त्याच्या नांवावर रक्कम जमा होते, मग ती थोडी कां असेना. कामास जशी सुरुवात आहे तशी सुटीची वेळही आहे. काम किती झालें, चुकलें तर कोठें चुकलें, हें सांगणारा कोणी तरी डोक्यावर असतो. आणि हजेरीपटावर त्याचें नांव असतें तें स्वतःचें असतें, अमक्याचा मुलगा म्हणून नसतें.

हीच मोजपट्टी घरच्या शेतास लावून पाहा. पंचवीस वर्षांचा मुलगा दिवसभर राबतो व मोबाइलच्या रिचार्जपुरते पैसे आईमार्फत बापाकडे मागतो. भात विकला तर पैसे बापाच्या खात्यांत. सोसायटीचें कर्ज बापाच्या नांवें. सातबाऱ्यावर बाप, आणि पुष्कळ घरीं अद्याप आजोबाही. बियाणें कोणतें घ्यावें हें बाप ठरवितो, औषध कोणतें मारावें हें दुकानदार ठरवितो. मुलानें काय ठरवावयाचें? सांगितलेलें काम करणें एवढीच त्याची नेमणूक. अशा अटींवर एखाद्या परक्या धन्यानें जागा काढली असती तर तिला एकही अर्ज आला नसता. बापानें काढली म्हणून ती गोड कां लागावी?

लग्नाचा प्रश्नही याच्याच पाठोपाठ येतो. वधूपिता मुलाची जमीन विचारतो आणि नोकरीही विचारतो. जमीन त्याला जावयाच्या पाठीशीं हवी असते, हातांत नव्हे. यांत त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो स्वतः शेतकरीच असतो, आणि शेतकऱ्याच्या घरीं सुनेच्या वांट्यास काय येतें हें तो आपल्याच घरीं रोज पाहत असतो.

सरकारी नोकरीविषयीं तर बोलावयासच नको. २०२३ सालीं महाराष्ट्रांत तलाठ्यांच्या सुमारें साडेचार हजार जागांसाठीं दहा लाखांवर अर्ज आले. ज्या दप्तरांत आपल्या जमिनीची नोंद राहते त्या दप्तराची राखण करावयास दहा लाख तरुण धांवतात, आणि त्या जमिनीची राखण करावयास घरचा एक मिळत नाहीं! ही ओढ आजकालची आहे असें मात्र कोणी समजूं नये. १९२६ सालीं नेमलेल्या शेतकीविषयक रॉयल कमिशननें १९२८ सालीं अहवाल दिला, त्यांतही हेंच नमूद आहे कीं, शेतकी कॉलेजांत विद्यार्थी येतात ते बहुतांशीं सरकारी चाकरीच्या आशेनें. त्या काळीं मुंबई इलाख्यांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं लोणीच्या शाळेसारख्या मराठी शेतकी शाळा निघाल्या होत्या. प्रयत्न स्तुत्यच होता. पण शाळा सुटल्यावर मुलगा ज्या शेतांत परतावयाचा तें शेत बापाच्याच मुठींत, आणि तेथें शिकलेलें वापरून पाहण्याची मोकळीक त्यास कोणी देऊं केली नव्हती.

दुसरी बाजू जमिनीची आहे व ती झांकून चालणार नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची बारकाईनें पाहणी करून १९१७ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्या गांवीं दर खातेदाराची सरासरी जमीन १७७१ सालीं ४० एकर होती, १८१८ सालीं साडेसतरा राहिली, आणि १९१४-१५ सालीं ७ एकरांवर आली. गांवचे लोक तेव्हांच खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामास जाऊं लागले होते. आज त्या गांवीं शेत शोधावें लागतें. तेथें संगणकाच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या इमारती उभ्या आहेत. तेव्हां सर्व मुलांनीं शेतांतच राहावें असा उपदेश आम्ही करणार नाहीं. तो खोटा ठरेल. तीन भावांपैकीं दोघांनीं बाहेर पडावें हें हिशोबास धरूनच आहे.

प्रश्न इतकाच कीं, राहतो तो कोण? पद्धत अशी पडली आहे कीं, जो परीक्षेंत वर आला तो पुण्यास गेला. जो मागें राहिला तो पोलीसभरतीच्या मैदानावर धांवला. आणि जो तेथेंही उंचींत वा छातींत कमी भरला त्याच्या हातीं वाडवडिलांची जमीन आली. उरलेल्याच्या गळ्यांत उरलेलें. त्याला कोणी विचारलें नाहीं, कोणी शिकविलें नाहीं, आणि तो मन लावून शेती करीत नाहीं म्हणून त्यालाच बोल.

भाटघरच्या लोकांस ही गोष्ट अधिक टोंचावी असें तेथील इतिहासांतच आहे. वेळवंडी नदीवर १९२८ सालीं पुरें झालेलें लॉइड धरण सुमारें २३.५ अब्ज घनफूट पाणी अडवितें. जलाशयास आज येसाजी कंकांचें नांव आहे. खोऱ्यांतील सखल जमीन त्या पाण्याखालीं गेली आणि राहिलीं तीं उतारावरचीं खाचरें. पाणी गेलें नीरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. तिकडे त्या पाण्यावर पैसा झाला हें सर्वांस ठाऊक आहे. तो नुसत्या पाण्यावर झाला नाहीं, हें मात्र फार थोडे लक्षांत घेतात. सासवडचे माळी बागाइतदार कालव्याच्या मुलुखांत गेले ते बाग व ऊस करण्याचें कसब हातीं घेऊन गेले, आणि त्यांनींच १९३२ सालीं साखर कारखाना उभारण्यास हात घातला. तें आजचें माळीनगर. त्याच सालीं पाडेगांवचें ऊस संशोधन केंद्र निघालें, व पुढें १९९६ सालीं को ८६०३२ हा वाण तेथूनच ‘नीरा’ या नांवानें शेतकऱ्यांस मिळाला. म्हणजे पाणी भाटघरचें, आणि त्याचें सोनें करणारें कसब दुसऱ्यांचें. भाटघरच्या मुलांस त्यांपैकीं एकही फारसें लाभलें नाहीं. त्यांच्या पायांखालीं सडक आली, व ती कापूरहोळावरून पुण्यास जाते.

पूर्वीं शेतांत उमेदवारी नव्हती काय? चांगली होती. पाभरीनें पेरणी होत असे तेव्हां चाड्यावर मूठ धरणें हें वाटेल त्याचें काम नव्हतें. मुलगा आधीं गुरें वळी, मग कुळवावर उभा राही, मग नांगर धरी, आणि बऱ्याच वर्षांनीं वडील माणूस एके दिवशीं चाडें त्याच्या हातीं देई. बीं दाट पडलें कीं विरळ, हें आठ दिवसांनीं साऱ्या शिवारास दिसत असे. परीक्षा होती, परीक्षक होते, आणि पास होण्यास मान होता. लोहाराचा मुलगाही असाच भात्यापासून ऐरणीपर्यंत चढे. आज पेरणी ट्रॅक्टरनें होते व ट्रॅक्टरचा चालक भाड्याचा असतो. ठिबकच्या नळ्या जोडणारा परगांवाहून येतो, पंप बिघडला तर तो बाजारच्या गांवीं न्यावा लागतो, फवारणीचें प्रमाण दुकानाच्या गल्ल्यावर ठरतें. बापाजवळ जी विद्या होती तिची गरज कमी झाली, आणि जिची गरज आहे ती बापाजवळ नाहीं. ज्या कामांत वर चढण्यास पायरी दिसत नाहीं तेथें तरुण माणूस थांबत नाहीं. मग तो कारखाना असो कीं खाचर असो.

कारखान्यांत ती पायरी सर्वत्र आहे असेंही नाहीं, हें येथेंच सांगितलें पाहिजे. सरकारनें १९५० सालीं कारागीर प्रशिक्षणाची योजना काढली, तिच्यांतून आयटीआय निघाल्या. १९६१ सालीं उमेदवारीचा कायदा झाला. त्याअन्वयें आज ३० वा अधिक माणसें असणाऱ्या आस्थापनेनें आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके उमेदवार घ्यावयाचे असतात. हेतु उत्तम आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं उमेदवार म्हणजे स्वस्त हात असाच अर्थ झाला आहे. मुलगा वर्षभर एकाच यंत्राशीं एकच कळ दाबीत उभा राहतो, आणि मुदत संपली कीं त्याच्या जागीं दुसरा येतो. २०२४ सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविका असल्यास ८,०००, पदवीधरास १०,०००. मुदत सहा महिने, ती २०२५ सालीं पांच महिन्यांनीं वाढविली. मुदत संपतांच आम्हांस कायम करा अशी मागणी घेऊन तरुण रस्त्यावर आले. कित्येकांनीं त्यावरून तरुणांसच हंसून घेतलें. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. विद्यावेतन दरमहा मोजलें गेलें. विद्या किती दिली याची मोजणी तितक्याच काळजीनें झाली असती, तर त्या तरुणांस दुसऱ्या दारीं जाऊन सांगण्याजोगें कांहीं तरी हातीं लागलें असतें. बापानें मुलास उमेदवारीस धाडतांना पगाराच्या आधीं हें विचारावें कीं, आज याला जें येत नाहीं असें काय याला वर्षानें येईल? उत्तर देणारा चांचरला तर समजावें.

खेड्यांतील माणूस शिकवून तयार होत नाहीं, हा आक्षेप जुना व निराधार आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर नांगराचा कारखाना मांडला, तेव्हां त्या माळावर तयार कारागीर कोठून असणार? माणसें तेथेंच शिकवावीं लागलीं. त्याच नांगरांची विक्री कांहीं काळ भाऊराव पाटील करीत होते. पुढें १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून कमवीत शिकण्याचा रस्ता त्यांनीं हजारों मुलांस घालून दिला. आणि मुंबईचे डबेवाले तर आपल्याच जिल्ह्याच्या मावळपट्टींतले. नवा माणूस मुकादमाच्या हाताखालीं कांहीं महिने राहून पेठा, स्टेशनें आणि डब्यांवरच्या खुणा शिकतो, आणि मग गटाचा भागीदार होतो. गटाची कमाई सारखी वांटली जाते. त्यांच्या वक्तशीरपणाचें कौतुक परदेशांतील विद्यापीठांनीं केलें. खरें कौतुक या गोष्टीचें व्हावें कीं, तेथें शिकणाऱ्यास शेवटीं वांटा मिळतो, हें पहिल्या दिवसापासून दिसत असतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं इतकें लांबण लावलें तिच्याकडे वळतों. शेतावर शिक्षण मिळत नाहीं असें म्हणतांना आपण मुलाचाच विचार करतों. पण भाताच्या मुलुखांत खरी कामगार आहे ती आवणी करणारी बाई. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं इंद्रायणी भात दिलें. तें घरोघर पोंचलें, कारण बीं पिशवींतून पोंचतें. डॉ. नारायण सावंत यांनीं घालून दिलेली चारसूत्री पद्धत मात्र पिशवींतून पोंचणारी नव्हे. भाताचा तूस व पेंढा जमिनीस परत देणें, गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडणें, मोजून लावणी करणें आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोंचणें, हीं तीं सूत्रें. पहिलीं दोन कोणीही करील. पुढचीं दोन बोटांत बसावीं लागतात. दोरीवरच्या खुणांप्रमाणें एक अंतर १५ सेंटिमीटर व दुसरें २५, असें आळीपाळीनें चूड लावावयाचे. एका चुडांत दोन-तीन रोपें, अधिक नव्हेत. आणि चार चुडांचा लहान चौकोन झाला कीं त्याच दिवशीं त्याच्या मध्यावर सात ते दहा सेंटिमीटर खोल २.७ ग्रॅमची एक गोळी. हिशोब मांडला तर हेक्टरीं अडीच लाख चूड व ६२,५०० गोळ्या होतात. एकराचे म्हणाल तर लाखभर चूड आणि पंचवीस हजार गोळ्या.

लाखभर वेळां बोट चिखलांत जातें तें कोणाचें? बाईचें. आणि शिबिरास जातो कोण? ज्याचें नांव सातबाऱ्यावर आहे तो. तो सतरंजीवर बसून ऐकतो, पुस्तिका घेऊन घरीं येतो, आणि आवणीच्या दिवशीं इरलें वा प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बांधावरून ‘दोरीवर लावा’ असें ओरडत राहतो. बायका चार ओळी दोरीवर लावतात. मग पावसाची झड येते. लावणी उक्ती दिलेली; पुढच्या मालकाचें खाचर वाट पाहत असतें; दोरी सरकवण्यांत वेळ जातो. दुपारच्या आंत दोरी बांधावर पडलेली असते, आणि गोळ्यांची पिशवी भातावर मुठीनें फेंकून रिकामी होते. संध्याकाळीं मालक म्हणतो, बायका ऐकत नाहींत.

त्यांनीं कां ऐकावें? उक्त्या दरांत उशिराचा तोटा तिचा आणि वाढलेल्या पोत्यांचा फायदा मालकाचा. शिकविण्याचा एक दिवस तिला कोणी दिला नाहीं. दिला असता तर त्या दिवसाची मजुरी कोणी द्यावयाची हें ठरलेलें नव्हतें. मुलाचें जें दुखणें वर सांगितलें तेंच हें. शिकणें एकाचें, काम दुसऱ्याचें, फळ तिसऱ्याचें, अशी घडी जेथें बसली तेथें उमेद कोठून यावी? सावडीनें एकमेकांच्या खाचरांत जाणाऱ्या घरांत हीच दोरी पुरती टिकते, याचें कारणही सरळ आहे: तेथें लावणारी स्वतःच्या खाचराची मालकीण असते.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. संस्थेनें यापुढें भाताचें शिबिर सतरंजीवर भरवूं नये, खाचरांत भरवावें. आणि त्यास मालकांऐवजीं आवणीच्या टोळ्या बोलवाव्या, मुकादमीणीसह. शिकण्याच्या दिवसाची पुरी मजुरी ज्याचें खाचर त्यानें द्यावी. दोरीवरच्या लावणीचा दर साध्या लावणीहून वेगळा व अधिक ठरवावा. तो किती, हें गांवोगांव बायकांस विचारून ठरेल, बांधावरून ठरणार नाहीं. ज्या टोळीस हें काम नीट येतें तिची नोंद संस्थेच्या वहींत राहावी, म्हणजे दुसऱ्या गांवच्या सभासदासही तिला बोलावतां येईल व तिच्या कसबास बाजार मिळेल.

मुलांच्या बाबतींत आम्ही वांटणीचा सल्ला देत नाहीं. मान साहेबांचे आकडे पाहिल्यावर जमिनीचे आणखी तुकडे करा असें कोण म्हणेल? पण खातें वेगळें करतां येतें. जो मुलगा राहणार त्यास दहा गुंठे नेमून द्यावे. बीं त्यानें निवडावें, खर्च त्यानें लिहावा, माल त्यानें विकावा, पैसे त्याच्या खात्यांत जावे. उरलेल्या शेतांतील त्याच्या कामाचा महिना ठरवून द्यावा, आणि तो चुकवूं नये. मुलानें बुडविलें तर काय, असें विचारणारे भेटतील. दहा गुंठ्यांत बुडून किती भात बुडेल? याहून अधिक दरवर्षीं औषधाच्या दुकानांत बुडतें, आणि त्याबद्दल घरांत कोणी कोणास जाब विचारीत नाहीं. तसेंच पंप, पॉवर टिलर व फवारणीचीं यंत्रें दुरुस्त करणाऱ्या कारागिराजवळ सभासदांच्या मुलांपैकीं दोघे-तिघे दरसाल उमेदवार ठेवावे व त्यांचें विद्यावेतन संस्थेनें सोसावें. वर्षाच्या अखेरीस परीक्षा एवढीच: बंद पडलेला पंप त्यांच्यापुढें ठेवावा.

हा विषय येत्या वार्षिक सभेपुढें यावा अशी आमची इच्छा आहे. सभा होवो न होवो, आवणीचें काम थांबणार नाहीं. म्हणून रोहिणी लागण्याच्या आधीं सभासदांनीं आपल्या खाचरांत येणाऱ्या टोळींतील बायकांचीं नांवें कार्यालयाकडे लिहून पाठवावीं. मालकाचें नांव कळविण्याची जरूर नाहीं. तें दप्तरीं आहे.